रकाना क्रमांक सात

धारवाडहून आलेली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची.
मांडीवर छापील तक्ता,
जांबोटीच्या आमच्या शाळेतली दहा वर्षांची गळती
तिनं समाजवार लावलेली:
लिंगायत इतके, मराठा इतके, मुसलमान इतके,
आणि सगळ्यात खाली, पानाच्या कडेला टेकून,
गवळी धनगर.

"बाई, रकाना सात. कारण.
थोडक्यात सांगा, म्हणजे मला मोजता येईल."

मी म्हटलं, लिही, घरी वातावरण नाही.
तीस वर्षं मीटिंगांत हेच बोललेय,
जिभेवर तयारच असतं.

चहा आला.
बशीत ओतता ओतता मला बमू झोरे आठवला.

आठ किलोमीटर. कारवीतून, अस्वलाच्या वाटेनं.
ओढा चढला की चार-चार दिवस नाही.
हजेरीत मी फुली मारायचे;
ओढा कुठं मांडायचा
ते डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

"अंतर," ती म्हणाली, "त्याला आकडा आहे, चार.
उत्पन्नाला दोन. भाषेला पाच."

भाषा म्हटल्यावर मी सरसावले.
भाषेवर आम्ही सीमाभागातली माणसं
पहाटेपर्यंत बोलू शकतो.
सर्क्युलर कानडीत येतं.
प्रश्नपत्रिकेतलं मराठी असं,
की पोराला गणित येतं, पण विचारलंय काय ते कळत नाही.
दाखल्यावर झोरेचं जोरे झालं,
दुरुस्तीसाठी बापाच्या खानापूरला चार खेपा,
तोवर शिष्यवृत्तीची तारीख गेली.

हे सगळं खरं. ती भराभर लिहीत होती.
कानडी विभागाच्या हट्टीहोळी बाई
खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मग बमूची वही.
निबंध: आमच्या घरचा प्राणी.
"आमची म्हस काल रानात ऱ्हायली.
बा रातभर ईस्तु पेटवून बसला व्हता.
सकाळच्याला ती आपली आपण आली."

मी रेघा ओढल्या.
म्हस नव्हे म्हैस. ऱ्हायली नव्हे राहिली.
ईस्तुखाली दोनदा.
आदल्याच दिवशी या हाताला काळी फीत होती,
आमच्या मराठीवर अन्याय होतो म्हणून.
वर्गाला वाचून दाखवला.
वर्ग हसला.
मीही, थोडंसं.

नंतर त्याला मागच्या बाकावर बसवलं,
दाराशी, उशिरा आला तर शिकवणं मोडू नये.
आणि कुणाला तरी म्हणाले, यांचं एवढंच असतं हो.
तो तिथंच होता, फळा पुसत.
पुसायचा थांबला नाही.

माघात यायचा बंद झाला.
म्हस रानात राहिली
तर ईस्तु पेटवून बसणारं कुणीतरी होतं.
मी महिनाभर वाट पाहिली, हजेरीत,
आणि नाव खोडलं.

"शिक्षकाला कुठला आकडा?" मी विचारलं.
तिनं यादी वरून खाली पाहिली,
मग खालून वर.
"शिक्षक नाही बाई. इतर आहे. नऊ."

हट्टीहोळी बाई वळल्या.
एरवी माझ्याशी मराठी बोलायला त्यांना आवडत नाही.
"माझंबी नऊ लिही," म्हणाल्या.
"सौंदत्तीला होते तेव्हा, लंबाणी पोरगी, शांतव्वा.
मी म्हटलं होतं, आधी नीट कानडी शिकून ये.
गेली शिकायला.
अजून जाऊनच आहे."

मुलीनं घड्याळ पाहिलं. दोनची बस.
एका विद्यार्थ्याला एकच अंक बसतो, म्हणाली,
आणि शांतव्वा तर या शाळेचीच नाही.

बमूपुढं तिनं पेन धरलं.
रकाना सात केवढासा,
माझ्या करंगळीच्या नखाएवढा.
"मग नऊ ना बाई? का वातावरणच ठेवू?"