जड पाणी

इप्सविचचं पाणी जड.
महिन्याभरात किटलीत पांढरी खपली धरते.
ऑब्रे थर्लो ती नखानं खरवडायचा
आणि म्हणायचा, "बघ पोरी,
आपल्या पोटापाण्याची सोय."

मी सोळा वर्षांची. हातात पाना धड धरता येत नव्हता.
त्याच्या व्हॅनमध्ये दोन सीटांच्या मधे
लाल सरबताची दोन लिटरची बाटली,
फस्सकन उघडणारी.
सकाळी एक,
दुपारनंतर आणखी एक,
लोकांच्या गळक्या नळांना शिव्या देत.
चहा नको असायचा त्याला.
चहाला किटली लागते, म्हणे,
आणि किटलीत काय असतं ते मला विचार.

बुचं मात्र टाकायचा नाही.
बिस्किटांच्या डब्यात वायसरांसोबत ठेवायचा,
कधी लागतील सांगता येत नाही.
मिसेस क्रॅकनेलच्या टाकीला एकदा लावलंही.
आठवडाभर टिकलं.

आज त्याच्याच छातीवर थंडगार जेल.
अंधारी खोली, राखाडी पडदा.
तपासणारी बर्निस हात थांबवून म्हणते,
ही महाधमनीची झडप, हिला तीन पाकळ्या असतात.
मला पाकळ्या दिसत नाहीत.
चुन्याचं ढेकूळ दिसतं
आणि त्याच्या फटीतून
पिचकारीसारखं सुटणारं रक्त.
मग ती आवाज सुरू करते.
अर्धवट बंद कॉकमधून
पाणी असंच किंचाळतं.

ऑब्रेनंही ओळखला असणार.
छताकडे बघत म्हणाला,
"बदलूनच टाका. वायसरवर भागायचं नाही."

आजार झडप घालतो, असं ऐकलं होतं.
यानं नाही घातली.
चाळीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून राहिला,
गोड बोलत.

की तो हा नव्हेच?
डॉक्टर तरुण होते. पेन टेबलावर आडवं ठेवून म्हणाले,
वय आहे, रक्तदाब आहे,
वडिलांकडून काही आलं असेल.
गोड पेयं फार पिणाऱ्यांत हे जास्त दिसतं, असं काही जण म्हणतात.
दिसतं, एवढंच. बोट ठेवता येत नाही.

बरोबर आहे.
गळती कुठली, ते आम्हालाही दर वेळी सापडत नाही.
भिंत ओली असते, तेवढं खरं.

पार्किंगमध्ये त्यानं किल्ली माझ्याकडे दिली.
पहिल्यांदाच.
बाटली अर्धी होती, फेस मेलेला.
ती मांडीवर घेऊन बसला, उघडली नाही.
सर्कलपाशी सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला,
"नवी झडप कशाची असते गं?"
गाईच्या हृदयाभोवतीच्या पिशवीची, मी म्हटलं,
बर्निसनं सांगितलंय.
"गाईच्या."
हो.
सिग्नल सुटला. मागून कुणीतरी हॉर्न मारला.
"ती काय पीत असेल?"
पाणी.
"जड?"
इकडचीच असली, तर जडच.