आधी चढ

स्कॉलबेकचं मैदान सपाट कधीच नव्हतं.
चर्चकडचा कोपरा उंच, ओढ्याकडचा खोल,
दोहोंत पुरुषभर अंतर.
माझे वडील ऑर्विल थ्रॉप तिथलं गवत कापायचे,
त्यांच्या आधी त्यांचे वडील,
त्यांच्याही आधी मेंढ्या.
मेंढ्या जास्त नीट कापत, असं आजोबा म्हणत.

उतार क्लबच्या पाचवीलाच पुजलेला.
अठराशे सत्त्याऐंशीत गिरणीतल्या रंगाऱ्यांनी वर्गणी काढली,
शर्ट तिथल्याच पिंपात बुडवले.
तळाशी उरला होता तो रंग : वांगी.
पहिल्याच सामन्यात पाऊस आला
आणि रविवारी प्रार्थनेला अकरा जण
वांगी मानांनी उभे राहिले.
पाद्रीबुवा हसले नाहीत. बाकी सगळे हसले.
तेव्हापासून आम्ही 'रंगमाने' :
शेजारच्या गावात शिवीसारखे,
आमच्यात आडनावासारखे.

नाणेफेक जिंकली तर आधी चढ मागायचा,
हा पहिला कप्तान इझ्रा डायसनचा नियम.
ऊर फुटेस्तोवर आधी चढून घ्या,
दमलेल्या पायांचं पुढे उतार बघेल.
पगार सुरू झाला तेव्हा आठवड्याला बारा शिलिंग,
हरलं तर दहा.
नियम तोच.

चौदा साली सगळा संघ एका रांगेत सही करून गेला.
एकोणीस सालची वही मी पाहिली आहे.
चिटणिसाने अकरा नावांची जागा आखली,
चार भरली,
आणि बराच वेळ तसाच बसला असावा,
पानावर कोपराचा डाग आहे.

मधल्या वर्षांत गिरणीतल्या पोरी खेळल्या.
हेटी मर्गाट्रॉइडने एका दुपारी सहा गोल केले,
पाचवा शिंकता शिंकता.
मग लंडनहून पत्र आलं :
हा खेळ बायकांच्या प्रकृतीस मानवत नाही.
हेटीने ते घडी करून बुटात घातलं.
बूट तिला एक नंबर मोठेच होते.

अडतीसच्या कपाबद्दल काय सांगू.
गाव अकरा हजारांचं, मैदानात एकोणीस हजार.
तीन-दोन. तिसरा गोल शेवटच्या मिनिटाला, उतारावरून.
माझ्या लहानपणी भेटेल तो म्हातारा सांगायचा,
मी अगदी गोलच्या मागेच होतो.
गोलच्या मागे चाळीस माणसं मावतात.

मग आम्हीच उताराला लागलो.
गिरणी मिटली, आणि घर फिरलं की वासेही फिरतात :
नव्या मालकाने स्टँडचे पत्रे विकले,
मग दिव्यांचे खांब,
मग एका रात्रीत स्वतःचा पत्ता.
चिल्लर गोळा करून क्लब परत घेतला तो गावाने.
मोजायला तीन दिवस लागले,
बोटांना महिनाभर तांब्याचा वास.

पूर्वेच्या भिंतीपलीकडे रफाकत हुसेन राहायचा,
गिरणीतला रातपाळीवाला.
शनिवारी दुपारी तो झोपलेला असे.
वीस वर्षांत एक सामना पाहिला नाही,
पण ओरड्यावरून स्कोअर सांगायचा, बहुधा बरोबर.
मध्यंतरानंतर आवाज वाढतो,
म्हणजे तेव्हा तुम्हाला उतार मिळतो, ना?
हे त्याने मला विचारलं,
डोळे न उघडता ओळखलेलं.

दोन हजार नऊला लीगचा माणूस पाणसळ घेऊन आला.
काचेतला बुडबुडा एका टोकाला पळाला.
महिनाभर यंत्रं चालली.
मातीतून निघाले बुटांचे खिळे,
मेंढीचा जबडा, एक शिट्टी.
शिट्टी मी फुंकून पाहिली.
चिखल आला, थोडा वांगी वाटला,
पण माझ्या डोळ्यांचं वय झालंय.

आता क्लबच्या मुलींचा संघ आहे,
कप्तान रफाकतची नात, सुमैरा.
परवा तिने नाणेफेक जिंकली
आणि चर्चकडे हात केला :
आधी चढ.
रेफरीने मैदानाकडे पाहिलं.
परातीसारखं सपाट.
मग माझ्याकडे पाहिलं.
मी चुना भरत होतो, भरत राहिलो.

पावसाचं पाणी अजून ओढ्याकडेच जातं.