पाणसळ

पहाटे पाचला ढब्बू पाण्याच्या भांड्याकडे निघाला
आणि भांडं चुकलं.
मग भिंत चुकली.
मग डावीकडे वळत राहिला, घाण्याला जुंपल्यासारखा,
आणि माझ्या चपलांवर कोसळला.
डोळे मात्र थांबेनात,
बुबुळं झरझर एकीकडेच, पुन्हा, पुन्हा.

बत्तीस वर्षं मी लाद्या बसवतोय,
घणसोलीत, ऐरोलीत, सिडकोच्या अर्ध्या सेक्टरांत.
काही सुचेना, म्हणून पिशवीतून पाणसळ काढली,
त्याच्या पायाखालच्या लादीवर ठेवली.
बुडबुडा मधोमध.
"वेड लागलंय का," दमयंती ओरडली, "रिक्षा बघ!"

कोपरखैरण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
म्हातारपणी होतं असं. अर्धांग वाटत नाही.
कानाच्या आत थोडंसं पाणी असतं,
त्यावरून कळतं वर कुठलं, खाली कुठलं.
ते बिनसलंय. पंधरवड्यात सुधारेल बहुतेक.
बघू.

आज तिसरा दिवस. मान तिरकीच,
काही विचारायचं राहून गेल्यासारखी.
पोटाखालून दमयंतीची जुनी ओढणी घालून
मी त्याला जिना उतरवतो.
खांबाशी तंगडी वर करतो, पडतो,
पडल्या पडल्याच मुततो,
वर शेपूट हलवतो.
पोरं हसतात. हसू देत.

रात्री आम्ही दोघंही लादीवर.
माझी पाठ भिंतीला, त्याची माझ्या पोटाला.
टेकू जरा हलला
की पाय ताठ करून तो जागा होतो, नखांनी लादी धरू बघतो.
खांद्याला मुंग्या आल्यात.
कूस बदलत नाही.