उपसा

वीब्रनच्या पेशींना मी हिरवा रंग पाजला,
तासभर उबेत निजवल्या,
मग एकेक करून लेझरपुढून नेल्या.

रंग धरून ठेवणाऱ्या चमकतात.
या चमकल्या नाहीत.
पडद्यावर ठिपक्यांचा ढग डावीकडे सरकत
काळोखाच्या कडेला जाऊन बसला.
शेजारच्या नळीत मी पंप अडवला होता.
तिथे त्याच पेशी
दिवाळं निघालेल्या दुकानासारख्या झगमगल्या.

अहवालात एक ओळ:
औषध उपसणारं प्रथिन आहे. भरपूर.
पुढचं डॉक्टर आल्मा सांगतील,
दार लावून, खुर्ची ओढून.

मी वॉर्डात जात नाही सहसा.
त्या दिवशी नमुना पुन्हा हवा होता,
आणि कागदावर व्यवसायापुढे लिहिलं होतं:
पंपघराचा राखणदार, एकेचाळीस वर्षं.

ग्रोनिंगनचं आभाळ खिडकीला टेकलेलं.
दंडातल्या नळीतून लाल औषध उतरत होतं,
बिटाच्या पाण्यासारखं.
"म्हणजे तुम्ही ओतताय आणि तो बाहेर फेकतोय.
मिनिटाला किती?"
मी हसले.
त्याला खरंच आकडा हवा होता.

त्याचं फ्रिसलंडमधलं गाव समुद्राच्या दीड मीटर खाली.
रात्री पंपाची घरघर चालू असली की गाव झोपायचं.
थांबली, की दिवे लागायचे घरोघर,
आणि बाउक्ये त्याचे बूट दाराशी आणून ठेवायची.
"पाणी कुणाचं, ते यंत्राला कळत नाही," तो म्हणाला.
"आलं की काढायचं."

मी सांगितलं, हाच पंप आतड्यात आहे, मूत्रपिंडात,
मेंदूच्या उंबऱ्यावर. विष आत येऊ देत नाही.
तो बंद पाडणारी औषधंही निघाली.
परीक्षानळीत जिंकली. माणसांत मात्र
"गाव बुडालं."
सगळं नाही, मी म्हटलं.
"शेत एकाचं भिजवायचं आणि पंप गावाचा थांबवायचा,"
त्याने मान हलवली, "असं आम्हालाही सांगायला यायचे लोक.
शहरातून."

मग बराच वेळ तो पिशवीकडे पाहत राहिला.
"चांगलं मशीन आहे," म्हणाला. "तेल कोण घालतं?"

गुरुवारी दुसरं औषध.
हा पंप त्याला ओळखत नाही म्हणतात.
मी तसं सांगितलं, तर त्याने बाही वर केली,
मी सुई शोधत असताना विचारलं,
ओळख व्हायला साधारण किती दिवस लागतात?

लिफ्टमध्ये नळी खिशात होती.
तळमजल्यापर्यंत कोमट.