पट्टी गळालेली बाटली

क्वार्टर सोडायला तीन महिने उरले, तेव्हा
इंदुमतीने माळ्यावरून सरबताच्या रिकाम्या बाटल्या काढल्या,
मिठाने खळखळवल्या, उन्हात पालथ्या घातल्या.
मी म्हटलं, घर बघायला निघालोय की रॉकेल आणायला?
ती म्हणाली, तुम्ही भिंती बघा. मी पाणी बघते.

एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटा मोजल्या,
कोऱ्या, करकरीत, एकही माझी नाही.
भोंगा झाला की निघायचं, भोंगा झाला की जेवायचं.
कुठे राहायचं, हे कधी कुणी विचारलंच नाही;
नेहरूनगरात ब्लॉक मिळाला, राहिलो.
आता तिडके एजंट विचारतो, 'काका, पसंती काय तुमची?'
आणि माझी जीभ टाळूला चिकटते.

पाथर्डी फाट्याला सातव्या मजल्यावरून
लेण्यांचा डोंगर दिसतो.
समोर नव्या टॉवरचा खड्डा खणून झालाय.
लिफ्टमध्ये आरसा,
आरशात आम्ही दोघं, दुसऱ्याकडे पाहुणे आल्यासारखे.
इंदुमतीने किचनचा नळ सोडला, बाटली भरली,
चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिलं: पाथर्डी. टँकर.

देवळाली कॅम्पात अर्धी बंगली, भाड्याने.
भरुचाबाईंनी चहा दिला, तेवढ्यात तोफांचा सराव सुरू झाला,
बशीत कप किणकिणू लागला.
'महिन्याभरात ऐकू येईनासं होतं,' बाई म्हणाल्या.
मला ते खरं वाटलं.

मखमलाबादला रो-हाउस, मागे द्राक्षबाग.
'बिबट्या येतो कधीमधी, पण त्रास नाही देत.'
'कुणाला?' इंदुमतीने विचारलं.
तिडकेने किंमत पन्नास हजारांनी उतरवली.

गिरणाऱ्याला मात्र मी अडकलो.
टोमॅटोच्या क्रेटांच्या थप्पीमागे दोन गुंठे,
एक लिंबू, आणि तारेवर वेड्या राघूंची रांग.
दवाखाना? फोन केला की पाऊण तासात गाडी.
लेक पुण्याहून ओरडली, 'बाबा, तुमची बायपास झालीय!'
झालीय.
म्हणून तर राघू एवढे हिरवे दिसले.

मग म्हसरूळ, जिथलं मला फक्त पार्किंग आठवतं.

रविवारी तिने गॅसवर पातेली चढवली.
कुकर नाही. मूठ मूठ तूरडाळ, घड्याळ समोर.
पाथर्डीची तासाभरानंतरही दाताखाली कच्च.
मखमलाबादची नुसती फेसाळली आणि अडून बसली.
'इथे काही आपली डाळ शिजायची नाही,' ती म्हणाली,
आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतकी हसली
की पदराने डोळे पुसावे लागले.

एकाच पातेल्यात डाळ लोण्यासारखी झाली.
त्या बाटलीची पट्टी गळून पडली होती.

चष्मा लावून ती काच उजेडात धरते.
'गिरणारं असेल. की म्हसरूळ?'
मी भात वाढून घेतो.
एक बाटली मी घरूनच भरून नेली होती,
दुपारच्या गोळ्यांसाठी.
ती मी संपवली होती की नव्हती, काही केल्या आठवत नाही.

वरण गरम आहे. वर लिंबू.
भोंगा होतो, दोघंही मान वर करत नाही.
'उद्या परत सगळीकडचं भरून आणू,' ती म्हणते,
आणि बाटल्या धुवायला घेते
ह्याच नळाखाली.