पासष्टच्या वर

देवास नाक्याला माझी व्हॅन उभी असते,
पिवळी, प्रदूषण जाँच केंद्र.
ट्रक येतो. सायलेन्सरमध्ये नळी खुपसायची,
ड्रायव्हरला ओरडून सांगायचं, दाब भिया, पूर्ण दाब,
आणि आकडा ठरेपर्यंत आपला श्वास धरायचा.
पासष्टच्या वर गेला की नापास.
फारसं कुणी होत नाही. नळी वीतभर मागे ओढली
की आकड्यालाही दया येते.

हे मला शिकवलं
बसंतीलाल चोरडियांच्या मुनीमानं.
चोरडिया रोडलाइन्स, बेचाळीस गाड्या,
माझ्याकडे एकही कधी अडली नाही.

एकसष्टाव्या वर्षी शेटजींनी सगळं सोडलं.
वरघोडा निघाला, बँड, दोन हत्ती,
रथातून त्यांनी बदाम उधळले, नाणी उधळली,
शेवटी मनगटावरचं घड्याळ.
मला एक बदाम मिळाला.
खाल्ला नाही, टाकवलाही नाही,
शिक्क्याच्या डबीत पडून आहे.

आमच्याकडे असं सोडता येत नाही.
बाबा तीस वर्षं म्हणत होते, जातो एकदाचा
ओंकारेश्वरला, कायमचा.
मिलमधून आले की म्हणायचे,
मग सदरा खुंटीला अडकवून
विचारायचे, भाजी कोणती.
गेले ते एमवायच्या वॉर्डात, नाकात नळी.
तिथंही एक आकडा होता, खाली खाली येणारा,
तो कुणाला ओढता आला नाही.

काल सकाळी सात वाजता,
मार्गशीर्षातली थंडी,
कचऱ्याची गाडी गाणं म्हणत गेलेली,
रस्ता चाटूनपुसून लख्ख.
(हवा कुणाच्या पाळीत येते,
विचारलं होतं एकदा नगर निगमात. हसले.)
धुक्यातून चार पांढऱ्या आकृती आल्या,
अनवाणी. तोंडावर मुहपत्ती,
हवेतला बारीक जीव
आपल्या उष्ण श्वासानं मरू नये म्हणून.
फडकं माझ्याही तोंडावर होतं.
माझं माझ्यासाठी.

तिसरे ते. चालीवरून ओळखलं,
उभ्या गाड्या मोजत जाणाऱ्या माणसाची चाल.
आणि मागून, गिअर बदलत, कण्हत,
बेचाळिसांतली एक.
फाळक्यावर अजून चोरडिया, लाल अक्षरांत.
तिनं लोट सोडला. चौघं त्यात शिरले.
मला सवय आहे, मोजलं:
अकरा सेकंद कुणीच नव्हतं तिथं,
ना साधू, ना शेट, ना रस्ता.

बाहेर आले तेव्हा चालतच होते.
खोकले नाहीत,
किंवा खोकले असतील कापडाआड.
व्हॅनपाशी पावलं जराशी मंदावली.
नळीकडे पाहिलं त्यांनी, माझ्याकडे नाही,
हात वर केला, म्हणाले, दया पालो.

दया.

पुढची गाडी लागली होती.
नळी मी आत घातली, पार मुठीपर्यंत.
अठ्ठ्याहत्तर. ड्रायव्हर खाली उतरला,
मॅडम, जरा बाहेर घ्या ना, रोजची गाडी आहे.
मी काहीच बोलले नाही.
डबीत शिक्का चाचपला,
हाताला बदाम लागला.