पंच्याऐंशी तास, दहा मिनिटं

मिस्टर मॅथर्स,
हे चौथं पत्र.
पहिल्यात शिव्या फार झाल्या,
दुसऱ्यात ‘कृपया’.
तिसरं मोरागनं वाचलं, म्हणाली, जाऊ दे गं इशबेल,
फ्रेझरबर्गला बंदर एकच,
उद्या पुन्हा कुणाच्या तरी दारात उभं राहायचंय तुला.
आणि त्यावरच कप ठेवला.
चहाचं वर्तुळ उमटलेलं पत्र कसं पाठवायचं?

तर मुद्द्याचं.
मी न सांगता गेले. मान्य.
मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी
रबरी एप्रन खुंटीला लावला, सुरी धुतली
(धुऊन फळीवर ठेवली, डावीकडे. ती मी पळवली
असं तुम्ही सगळ्यांना सांगत फिरताय)
आणि मागच्या दारानं,
जिथं सीगल माशांच्या डोक्यांवरून भांडत असतात,
निघाले.
आठवडाभर आधी कळवायचं असतं.
नाही कळवलं.
हा दोष माझा, तो वेगळ्या पानावर लिहा,
त्याचं काय ते बोलू.
पण त्या पानावरची शाई
या पानावर सांडू नका.

फोनवर म्हणालात, खाल्ल्या मिठाला जागली नाहीस.
मीठ?
मीठ तर मी लावत होते, मिस्टर मॅथर्स,
पहाटे सहापासून, बर्फाच्या पाण्यात मनगटं बुडवून.
ते तुमच्या ताटात नव्हतं,
माझ्या बोटांच्या चिरांत होतं.
रात्री उशाला हात घेतला की
जागं तेच ठेवायचं.

सल्ला केंद्रात कॅलम नावाचा पोरगा बसतो,
माझ्या धाकट्याच्या वर्गात होता.
टाय अजून त्याला मोठा होतो.
सगळं ऐकून घेतलं, पेन्सिलीचं टोक चावलं,
म्हणाला, मावशी, केलेलं काम केलेलंच असतं.
बसमध्ये हे वाक्य मी तीनदा म्हणून पाहिलं.
कुठूनही उलटं होत नाही.

कारण तो मासा तुम्ही विकलात.
ॲबर्डीनला कुणीतरी चिप्सबरोबर खाल्ला,
बोटं चाटली,
कागद चुरगळून फेकला,
घरी जाऊन झोपलंसुद्धा.
त्यांच्या पोटातून परत मागवणार आहात?
की फक्त माझ्या पाकिटातून?

का गेले ते विचारलं नाहीत.
तरी सांगते.
सोमवारी संध्याकाळी तुम्ही भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलंत:
डनूटा, संडास, सात मिनिटं.
खाली रेघ. खडूनं, दोनदा.
डनूटा एकसष्ट वर्षांची आहे.
तिनं ते वाचलं नाही, तिला इंग्रजी नीट येत नाही,
पण आपलं नाव तर ओळखता येतंच.
दुसऱ्या दिवशी सकाळभर ती पाणी प्यायली नाही.
मी समोरच उभी होते. पाहत होते.
अकरा वाजले, तिचे ओठ पांढरे,
आणि माझ्या हातात सुरी.
म्हणून म्हटलं, धुऊन ठेवावी.

सात मिनिटं मोजता येतात तुम्हाला.
मग हेही मोजा.
दहा दिवस, रोजचे आठ तास.
वर मंगळवारची सकाळ: पाच तास, दहा मिनिटं.
बुटांचे पैसे कापायचे म्हणता, तर बूट या पत्रासोबत येताहेत.
उजव्याचा तळ फाटलाय. तो आला तेव्हाच फाटका होता.
मोजे मी माझे घालायचे.

मला बक्षीस नकोय.
शिफारसपत्र नकोय, तुमचं तोंडही बघायचं नाही.
पंच्याऐंशी तास, दहा मिनिटं.
दहा मिनिटं कशाला धरतेस, मोराग विचारते.
त्या दहा मिनिटांत एकोणीस हॅडॉक झाले, म्हणून.
विसावा अर्धाच चिरलेला होता,
फळीवर, एका बाजूचा काटा अजून आत.

त्याचे पैसे मी मागत नाही.

— इशबेल बुकन